दुकानाच्या कॉम्प्युटरला स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेन्शन घालायचंय, कोणतं घालू?

मलप्रभाकाठ (खानापूर), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले, परीक्षेची फी, लाइट बिल, रेल्वेची तिकिटं, सगळं चालतं. दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर क्रोम, एकावर फायरफॉक्स.

गेल्या आठवड्यात नंदगडकडचे एक म्हातारे काका उतारा काढायला आले होते. सोसायटीत पीककर्जाला लागत होता. मी पोस्टात गेलो होतो, दुकानात भाचा एकटा. त्यानं भूमीची, म्हणजे कर्नाटक सरकारची जमिनीच्या उताऱ्यांची साइट सरळ न उघडता गुगलवर शोधलं आणि पहिलं जे दिसलं ते दाबलं. त्या पानावर तीन हिरवी डाउनलोड बटणं. एक दाबल्याबरोबर सगळा स्क्रीन निळा, कर्कश बीप, एस्केप दाबलं तरी जाईना आणि मधोमध मोठ्या आकड्यांत एक फोन नंबर. काका खुर्चीवरून उठून हात जोडून उभे राहिले. आपल्याच उताऱ्यामुळं मशीन बिघडलं असं त्यांना वाटलं.

भाच्यानं तो नंबर लावला. पलीकडचा हिंदीत बोलत होता, स्वतःला कॉम्प्युटर कंपनीचा माणूस म्हणवत होता आणि लांबून आपला स्क्रीन चालवता येईल असं ॲप घालायला सांगत होता. तेवढ्यात मी पोचलो, फोन ठेवायला लावला आणि मेन स्विच बंद केला.

पैसे गेले नाहीत. पण त्याच मशीनवर रोज लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सह्या स्कॅन होतात. माणसं माझ्या भरवशावर देतात ती. त्या रात्री मला झोप लागली नाही. शोधल्यावर नोस्क्रिप्ट, यूब्लॉक ओरिजिन, प्रायव्हसी बॅजर अशी एक्स्टेन्शनांची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांची नावं दिसली. कुणी काय वापरतंय? मी नसताना भाच्यालाही झेपलं पाहिजे, हे ध्यानात ठेवून सांगा.

वडगावकर_पोरगा, सोमवार रात्री १०:१५

दादा, नोस्क्रिप्ट घाला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फायरफॉक्सवर दोन वर्षं वापरतोय.

जियोर्जिओ माओने नावाच्या इटालियन माणसानं २००५ मध्ये हे काढलं. ओळख लपवून साइटी बघायच्या टॉर ब्राउझरमध्ये ते घालूनच येतं, एवढ्यावरून त्याचं वजन कळेल. तत्त्व सरळ आहे: तुम्ही होय म्हणेपर्यंत त्या डोमेनची (साइटच्या पत्त्याची) स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम, चालणार नाही. सुरुवातीला काही मोठी डोमेनं तेवढी आधीच विश्वासू म्हणून घातलेली असतात, ती यादी बघून नको ती काढून टाकता येतात.

तुमच्याकडं आलेला निळा स्क्रीन म्हणजे पूर्णपणे स्क्रिप्टचं काम. ब्राउझर पूर्ण स्क्रीनभर पसरवणं, आवाज लावणं, बंद केलं की परत उघडणं, हे सगळं जावास्क्रिप्ट करते. ती चालली नाही तर मागं उरतं ते नुसतं एक निळं पान. टॅब बंद करायचा, काम संपलं.

मलप्रभाकाठ (खानापूर), मंगळवार सकाळी ७:०५

पटलं बाळा. दुकान उघडायच्या आधी फायरफॉक्सवर घालतो.

मलप्रभाकाठ (खानापूर), मंगळवार रात्री ८:५०

घातलं, आणि आज दुपारी वाईट झालं. सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या दुकानदाराचं असं होऊ नये.

एक मुलगी परीक्षेची फी भरायला आली, १,२४० रुपये. कॉलेजची साइट उघडली तर मेनूच चालेना. नोस्क्रिप्टच्या चिन्हावर जाऊन साइटला तात्पुरती परवानगी दिली, पान पुन्हा लोड झालं, फॉर्म भरला. पैसे भरायच्या पानावर गेलो तर कोरं पान. यादीत चार नवीन डोमेनं. त्यातलं एक नाव ओळखीचं वाटलं, त्याला होय म्हटलं, क्यूआर आला, तिनं फोनवरून पैसे भरले. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेजही आला. इकडं परतीच्या पानावर आणखी एक डोमेन अडलेलं. त्यालाही होय म्हटलं, तर पान आपोआप रीलोड झालं आणि लिहून आलं की सेशन संपलं. पावती नाही. फी अजून बाकीच दाखवतंय.

शेवटची तारीख उद्याची. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात, ते पैसे तिनं दोनदा मोजून आणले होते. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून माझ्या खात्यातून फी भरली, पावती तिच्या हातात दिली आणि नोस्क्रिप्ट काढून टाकलं.

वडगावच्या पोराचा दोष नाही, त्यानं खरं तेच सांगितलं होतं. पण आता पुन्हा काहीच घातलेलं नाही, हेही मनाला लागून राहिलंय.

निपाणीची_लेक, मंगळवार रात्री ११:२०

दादा, मी निपाणीची. पुण्यात वेबसाइटी बांधायचंच काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी पैशांचं. उद्या त्या मुलीला व्यवहाराचा क्रमांक घेऊन कॉलेजच्या ऑफिसात पाठवा. पैसे तिथं पोचले असतील तर दोनदा भरल्याची नोंद करून एकदाचे परत मागता येतील. पोचलेच नसतील आणि खात्यातून मात्र गेले असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. तिच्या बँकेत हे परिपत्रक सांगून बोला.

आता काय बिघडलं ते. आपल्याला एक पान दिसतं, पण ते एका ठिकाणाहून आलेलं नसतं. मजकूर साइटचा, फॉर्म तपासणारी स्क्रिप्ट दुसरीकडची, माणूस आहे की यंत्र ते तपासणारा कॅप्चा गुगलचा, पैसे घेणारा गेटवे तिसरा आणि ओटीपी विचारणारं पान बँकेचं. नोस्क्रिप्ट यातल्या प्रत्येकासाठी वेगळं विचारतं, आणि परवानगी बदलली की पान रीलोड करतं. बातमी वाचताना रीलोड झालं तर काही जात नाही. पैसे भरताना मधेच रीलोड झालं तर गेटवेला वाटतं, गिऱ्हाईक उठून गेलं. तुमचं नेमकं तेच झालं. तुम्ही चुकीचं काहीच दाबलं नाही. ते साधन त्या खुर्चीसाठी नाही, एवढंच.

पण स्क्रिप्टची भीती खोटी नाही, म्हणून काहीच न घालता राहू नका. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर चोरांनी जेमतेम २२ ओळींची स्क्रिप्ट घुसवली होती. लोक तिकीट काढत होते आणि कार्डाचे आकडे तिसरीकडं जात होते. लाखो गिऱ्हाइकं सापडली त्यात. साइट खरी, पत्ता खरा, पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्हही बरोबर. २०२४ च्या जूनमध्ये तर पॉलिफिल नावाच्या सेवेचं निघालं. जुन्या ब्राउझरला नवीन गोष्टी समजाव्यात म्हणून एक लाखावर साइटींनी तिथली स्क्रिप्ट आपापल्या पानात जोडली होती. ते डोमेन त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं आणि स्क्रिप्टमधून फोनवरच्या वाचकांना सट्ट्याच्या साइटींकडं वळवायला सुरुवात झाली. साइटवाल्यांनी स्वतः एक अक्षर बदललं नव्हतं. मी स्वतः त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांच्या साइटींमधून ती ओळ काढली.

माझं मत सांगते. दुकानाला यूब्लॉक ओरिजिन घाला, आहे तसं, काही न बदलता. ते सगळंच अडवत नाही. जाहिराती, पाळत ठेवणाऱ्या आणि घातक म्हणून माहीत असलेल्या डोमेनांच्या याद्या त्यात असतात, त्या आपोआप ताज्या होतात आणि तेवढंच अडतं. फॉर्म आणि पैसे सहसा बिनघोर चालतात. तुमच्या त्या पानावरची तीन हिरवी बटणं बहुतेक जाहिरातीच होत्या. ती भाच्याला दिसलीच नसती.

आणि दुसरं, जे एक्स्टेन्शनपेक्षा मोठं आहे. भूमी, नाडकचेरी, सेवा सिंधू, तुमची नेहमीची सगळी सरकारी पानं बुकमार्क करून वरच्या पट्टीवर लावा. पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन आहे याची एकदा तुम्ही स्वतः खात्री करा. भाच्याला सांगा, उतारा गुगलवर शोधायचा नाही, पट्टीवरून उघडायचा.

येळ्ळूरचे_गुरुजी, बुधवार सकाळी ६:३०

ताई, फार चांगलं समजावलंत. मी निवृत्त शिक्षक. माझ्या लॅपटॉपवर नातवानं एक घातलंय, त्याचं नाव नुसतं यूब्लॉक दिसतंय, ओरिजिन हा शब्द नाही. शिवाय जाहिरात अडवणारी आणखी दोन आहेत. जितकी जास्त तितकी सुरक्षा जास्त, असं मी धरून चाललो होतो. आणि फोनचं काय करावं? हल्ली सगळे फोनवरच बघतात.

निपाणीची_लेक, बुधवार दुपारी १:१०

गुरुजी, नमस्कार. विचारलंत ते बरं झालं, यात भले भले फसतात.

नुसतं यूब्लॉक वेगळं आणि यूब्लॉक ओरिजिन वेगळं. दोन्हींची मुळं एका ठिकाणची, पण आज मालक वेगळे. रेमंड हिल यांनी २०१४ पासून सांभाळलेलं आहे ते ओरिजिन. त्याचा सगळा कोड उघडा आहे, कुणालाही वाचता येतो, आणि ते लोकांकडून देणगीसुद्धा घेत नाहीत. तुमच्याकडचं काढून टाका.

तीन-तीन ठेवू नका. ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. एखादं पान बिघडलं तर कुणामुळं बिघडलं ते कळत नाही, मग माणूस वैतागून तिन्ही बंद करतो. त्याहून महत्त्वाचं असं: अशा एक्स्टेन्शनला बहुतेक वेळा तुम्ही उघडता ते प्रत्येक पान वाचायची आणि बदलायची परवानगी द्यावी लागते. बँकेचंही. म्हणजे घराची किल्ली देण्यासारखंच झालं. एकालाच द्यावी, आणि माणूस बघून द्यावी.

माणूस बघून म्हणजे काय ते उदाहरणानं सांगते. ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेन्शन वर्षानुवर्षं चांगलं चाललं होतं. २०२० मध्ये मूळ मालकानं विकलं, नव्या मालकानं त्यात गुपचूप बाहेरचा कोड आणला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं ते घातक म्हणून काढून टाकलं. त्याच २०२० मध्ये जाहिरात अडवणाऱ्या नॅनो ॲडब्लॉकरचंही विक्रीनंतर असंच झालं. २०१८ मध्ये तर क्रोमच्या दुकानात प्रसिद्ध नावांची नक्कल केलेली पाच बनावट ॲडब्लॉकर सापडली, आणि ती दोन कोटींहून जास्त जणांनी घातली होती. तारे आणि डाउनलोडचे आकडे बघून निवड करू नये ते यासाठी. मालक कोण, कोड उघडा आहे का, आणि मूळ प्रकल्पाच्या पानावरच्या दुव्यावरून आपण आलोय का, एवढं बघावं. फायरफॉक्सच्या दुकानात मोझिला काही निवडक एक्स्टेन्शन स्वतः तपासून त्यांना शिफारशीचा शिक्का देते. यूब्लॉक ओरिजिन आणि नोस्क्रिप्ट, दोन्हींवर तो आहे.

प्रायव्हसी बॅजर ही ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेची. चांगली आहे, पण ती पाळत अडवायला बनवलेली आहे. वरच्या निळ्या स्क्रीनसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

फोनवर क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन कॉम्प्युटरवर चालतं तसंच चालतं.

काळीकाठ, बुधवार रात्री ९:३५

जोयड्याहून लिहितोय. आमच्याकडं सुरक्षेच्या आधी रेंजचा प्रश्न येतो. घरात एक कांडी, अंगणातल्या फणसाखाली दोन. बातम्यांचं एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की लोक नाद सोडून द्यायचे.

फोनवर फायरफॉक्स आणि ओरिजिन घातल्यावर काल मुद्दाम बघितलं. एका बातमीच्या पानावर चिन्ह दाबलं की खाली आकडा येतो, किती डोमेनांशी जोडणी झाली. ३१ पैकी ४. बातमी एका पानाची, चार परिच्छेद आणि एक फोटो. उरलेले २७ जण तिथं काय करत होते? ते माझाच डेटा खात होते. आता तीच बातमी फणसाखाली न जाता घरात उघडते. आईला अंधारात अंगणात उभं राहायला लागत नाही, मला एवढंही पुष्कळ आहे.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट, गुरुवार पहाटे १:०५

मलप्रभाकाठ, तुमचं एक मशीन क्रोमवर आहे म्हणालात, त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी फाउंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतो.

क्रोमवर मूळ यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही. गुगलनं एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ नावाचे नवीन नियम आणले. आधी एक्स्टेन्शन प्रत्येक विनंती मधल्यामधे थांबवून स्वतः ठरवू शकत होतं, जाऊ द्यायची की नाही. नव्या नियमांत यादी आधीच ब्राउझरकडं द्यायची आणि ब्राउझरनं तिच्याप्रमाणं अडवायचं. २०२४ पासून जुनी एक्स्टेन्शनं हळूहळू बंद होत गेली आणि २०२५ मध्ये दार पूर्ण लागलं. आमच्या ऑफिसात एक दिवस सकाळी सगळ्यांची आपोआप बंद पडलेली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणून म्हणतो, चालू आहे असं धरू नका, चिन्ह बघा.

क्रोमसाठी त्याच माणसाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. साध्या वापराला बरं आहे, मशीनही जड होत नाही. पण मूळ ओरिजिनसारखे साइटप्रमाणं स्वतःचे नियम लावायचा तक्ता त्यात नाही. माझा सल्ला, दोन्ही मशीन फायरफॉक्सवर आणा. फायरफॉक्सनं जुनी पद्धतही चालू ठेवलीय.

अजून एक. तुमच्या भाच्याकडून त्या पानावर 'अलाऊ' दाबलं गेलं असेल तर उजव्या कोपऱ्यात व्हायरस सापडल्याच्या सूचना येत राहतील. ते एक्स्टेन्शन घालून जात नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या परवानग्या उघडा, अनोळखी सगळं काढा आणि साइटींनी परवानगी मागूच नये हा पर्याय लावा. दुकानाच्या मशीनला कुठल्याच साइटच्या नोटिफिकेशनची गरज नसते.

मलप्रभाकाठ (खानापूर), गुरुवार सकाळी ७:२०

होय ओ, अगदी तसंच येत होतं! मी मशीन फॉरमॅट करायच्या विचारात होतो. आत्ता बघितलं, सहा अनोळखी साइटी होत्या. काढल्या. लई उपकार झाले.

वडगावकर_पोरगा, गुरुवार संध्याकाळी ६:४५

दादा, मंगळवारचं वाचून फार वाईट वाटलं. दुकानात पैसे भरले जातात हा विचार मी करायला हवा होता. त्या ताईच्या फीचं काय झालं ते कळवा.

पण निपाणीच्या ताईंशी माझा एक मुद्दा आहे. यादीवर चालणारं साधन फक्त यादीत असलेलंच अडवतं. चोरानं आज सकाळी नवीन डोमेन घेतलं तर ते यादीत यायला वेळ लागतो. तोवर दार उघडंच. नोस्क्रिप्टचं दार आधीपासून बंद असतं. म्हणून आधी बंद आणि मग उघड हीच खरी सुरक्षा, असं मला वाटतं.

निपाणीची_लेक, गुरुवार रात्री १०:३०

बरोबर बोललास, आणि तुझ्यापुरतं तू नोस्क्रिप्टच ठेव. यादीत भोक असतं हे खरंच आहे. पण तू एकटा बसतोस, पान बिघडलं तर बघायला तुला वेळ आहे आणि कुठलं डोमेन कशाचं ते तुला कळतं. दादांच्या दुकानात समोर आठ माणसं उभी असतात. त्या घाईत माणूस एकच गोष्ट करतो, सगळ्यांना परवानगी देतो. चार दिवसांनी तर ते न वाचताच दाबतो. असं बंद दार उघड्याहून वाईट, कारण आपण बंद केलंय या समजुतीत राहतो.

मधला रस्ता आहे. ओरिजिनच्या सेटिंगमध्ये 'मी प्रगत वापरकर्ता आहे' अशा अर्थाचा एक चौकोन आहे. तो टिकमार्क केला की चिन्हाखाली एक तक्ता उघडतो. त्यात तिसऱ्या पक्षाच्या स्क्रिप्ट आणि तिसऱ्या पक्षाच्या फ्रेम (पानात बसवलेली बाहेरची पानं) अशा दोन ओळी असतात. पुढं दोन रकाने, पहिला सगळ्या साइटींसाठी, दुसरा फक्त समोरच्या साइटीसाठी. पहिल्या रकान्यात या दोन्ही ओळी लाल केल्या की साइटची स्वतःची स्क्रिप्ट चालते, बाहेरून आणलेली अडते. याला मीडियम मोड म्हणतात. एखादी साइट बिघडली तर दुसऱ्या रकान्यात जाऊन हवं ते डोमेन करडं करायचं. हिरवं करू नका. करडं म्हणजे माझा लाल नियम बाजूला ठेव पण याद्या लावत राहा, हिरवं म्हणजे याद्याही सोडून दे. मनासारखं झालं की कुलपाचं चिन्ह दाबून नियम पक्का करायचा, नाहीतर तो तात्पुरता राहतो.

कॅप्चा येईना झाला तर बहुतेक वेळा गुगल आणि गुगलचंच जीस्टॅटिक ही दोन डोमेनं करडी करावी लागतात. हे पैसे भरायला बसायच्या आधी करायचं, बसल्यावर नाही.

येळ्ळूरचे_गुरुजी, शुक्रवार सकाळी ६:१५

ताई, तुमचं वाचून मी चिन्हाखालची सगळी बटणं दाबून बघितली. त्यात 'अ'सारखं एक बटण आहे, बाहेरचे फॉन्ट अडवायचं. ते लावल्यावर एका जुन्या मराठी साइटचा सगळा मजकूर वेडावाकडा झाला, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायला लागली. पहिल्यांदा वाटलं साइटच कुणी फोडली.

निपाणीची_लेक, शुक्रवार सकाळी ९:००

गुरुजी, साइट शाबूत आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच पद्धत, यायच्या आधीच्या काही मराठी साइटी स्वतःचा फॉन्ट बरोबर पाठवतात. खाली अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. फॉन्ट अडवला की वेष उतरतो. तेवढ्या साइटीपुरतं ते बटण परत बंद करा. त्याच्या शेजारी दोन कोनी कंसांमध्ये तिरकी रेघ असलेलं चिन्ह दिसेल. ते मात्र कामाचं आहे, त्या साइटीची सगळी जावास्क्रिप्ट एका दाबात बंद होते. नुसती बातमी वाचायची आणि पान सारखं उड्या मारतंय, अशा वेळी ते दाबून पान रीलोड करा.

येळ्ळूरचे_गुरुजी, शुक्रवार सकाळी ९:४०

झालं, अक्षरं परत आली. धन्यवाद.

एक सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. आमच्या गल्लीत मागच्या महिन्यात एकाला व्हॉट्सॲपवर वाहनाच्या दंडाची म्हणून एक फाइल आली. त्यानं ती फोनमध्ये घातली आणि खात्यातून पैसे गेले. तिथं ब्राउझरचा संबंधच नव्हता. यातलं कुठलंही एक्स्टेन्शन त्याला वाचवू शकलं नसतं. खोट्या पानावर आपणच आपल्या हातानं ओटीपी लिहिला तर तिथंही स्क्रिप्ट लागत नाही, साधा फॉर्म पुरतो. असं घडलं तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, म्हणजे पैसे पुढं सरकायच्या आत अडवायची संधी असते. त्या माणसानं लाजेनं दोन दिवस घरातही सांगितलं नव्हतं. लाजू नका, घरच्या म्हाताऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट, शुक्रवार दुपारी ३:२०

गुरुजींना जोडून एक. हल्ली खोट्या कॅप्चाचा प्रकार चाललाय. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणतात आणि मग विंडोजचं बटण आणि आर दाबा, पेस्ट करा, एंटर मारा असं सांगतात. पानावरच्या स्क्रिप्टनं तोवर क्लिपबोर्डात (कॉपी केलेलं जिथं साठतं तिथं) घातक आज्ञा भरून ठेवलेली असते, आणि एंटर आपण मारतो. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. भाच्याला हे एकदा करून दाखवा, नुसतं सांगून डोक्यात राहत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर), रविवार रात्री ९:१०

काय काय केलं ते लिहितो.

दोन्ही मशीनवर फायरफॉक्स. प्रत्येकावर दोन प्रोफाइल, म्हणजे एकाच ब्राउझरचे दोन वेगळे कप्पे. एकाचं नाव 'अर्ज-पैसे', त्याला हिरवी थीम. त्यात ओरिजिन आहे तसं, दुसरं एकही एक्स्टेन्शन नाही, वरच्या पट्टीवर १४ बुकमार्क. दुसऱ्याचं नाव 'शोध', त्याला लाल थीम. त्यात ओरिजिन मीडियम मोडमध्ये. गिऱ्हाइकानं काही शोधायला सांगितलं, गाणं, फोटो, कसलाही फॉर्म, तर लालमध्ये. पैसे आणि आधारचं काही असलं तर हिरव्यात. भाच्याला एवढंच सांगितलंय आणि दोन दिवसांत एकदाही चुकला नाही. काल त्यानंच एका गिऱ्हाइकाला सांगितलं, थांबा मामा, हे हिरव्यात उघडतो.

हिरव्यात आत्तापर्यंत ११ वेळा पैसे भरले, ११ पावत्या निघाल्या. लालमध्ये एक-दोन साइटी अर्धवट दिसतात, पण तिथं घाई नसते. क्रोमही ठेवलंय, फक्त एका साइटीसाठी, जी फायरफॉक्सवर सहीचा फोटो घेत नाही. त्यात ओरिजिन लाइट घातलंय.

मुलीचं: कॉलेजला पैसे पोचले नव्हते, ते काल तिच्या वडिलांच्या खात्यात परत आले. ती आज १,२४० रुपये पाकिटात घालून द्यायला आली होती.

नंदगडचे काका परवा परत आले. उतारा हवाच होता, पण त्या मशीनसमोर बसेनात, लांबूनच उभे. मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला, पट्टीवरचं भूमी दाबलं, त्यांनी सर्व्हे नंबर सांगितला, मी टाकला. कागद निघाल्यावर त्यांनी बोटानं आपलं नाव शोधलं आणि मग खुर्चीवर बसले.

वडगावच्या पोरा, ते लाल-करड्याचं मला अजून नीट बसत नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं खानापूरला येशील काय? जेवण आमच्याकडं.

वडगावकर_पोरगा, रविवार रात्री ९:२५

येतो दादा. लॅपटॉप घेऊनच येतो.